सेकंड हँड व्हॅन स्वस्तात मिळतेय, पण पुढचा खर्च किती? ओम्नी-ईको घेण्याआधीचा हिशेब

‘ईको, २०१५ मॉडेल, सीएनजी, सिंगल ओनर, इंजिन बिनखोललेलं, एक रुपयाचं काम नाही. फायनल २ लाख २० हजार.’

अशी पोस्ट तुमच्या फेसबुक ग्रुपवर किंवा कुणाच्या तरी व्हॉट्सॲप स्टेटसला तुम्ही नक्की पाहिली असेल. फोटोत गाडी नुकतीच धुतलेली असते, टायर काळे करून चमकवलेले असतात. आणि बघणाऱ्याच्या डोक्यात गणित सुरू होतं. डबे पोहोचवायला, भाजी आणायला, केटरिंगचं सामान न्यायला किंवा घरातल्या सात जणांना एकदम गावी न्यायला यापेक्षा स्वस्त काय मिळणार?

हा विचार चुकीचा नाही. कमी पैशात जास्त जागा देणारी गाडी म्हणून व्हॅनला आजही मागणी आहे. प्रश्न फक्त त्या ‘एक रुपयाचं काम नाही’ या वाक्याचा आहे. कारण जुन्या व्हॅनची किंमत दोन वेळा मोजावी लागते. एकदा मालकाला देताना आणि नंतर वर्षभर थोडी थोडी गॅरेजला. पहिला आकडा सगळ्यांना माहीत असतो, दुसरा फारसा कुणी मांडत नाही. तोच आपण आज मांडूया.

आपण कुठल्या व्हॅनबद्दल बोलतोय?

महाराष्ट्रात ‘व्हॅन’ म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यासमोर दोनच गाड्या येतात, मारुतीची ओम्नी आणि ईको.

ओम्नी १९८४ मध्ये ‘मारुती व्हॅन’ या नावाने आली आणि १९८८ मध्ये तिचं नाव ओम्नी झालं. ७९६ सीसीचं तीन सिलिंडरचं छोटं इंजिन, दोन्ही बाजूंना सरकते दरवाजे आणि मागे भरपूर जागा. ही गाडी तीन दशकांहून अधिक काळ विकली गेली. नवे सुरक्षा नियम आले आणि २०१९ मध्ये तिचं उत्पादन थांबलं. म्हणजे बाजारातली सगळ्यात नवी ओम्नीसुद्धा आता काही वर्षं जुनी आहे.

ईको जानेवारी २०१० मध्ये आली. ती त्याआधीच्या व्हर्सा या गाडीवर बेतलेली होती. १,१९६ सीसीचं चार सिलिंडरचं इंजिन, पाच किंवा सात सीट आणि सीएनजीचा पर्याय. नोव्हेंबर २०२२ मध्ये तिला नवं के-सीरिज इंजिन मिळालं. फेब्रुवारी २०२३ मध्ये कंपनीने ईकोची विक्री १० लाखांच्या पुढे गेल्याचं जाहीर केलं होतं.

या आकड्याचा तुमच्या खिशाशी थेट संबंध आहे. जी गाडी लाखोंनी रस्त्यावर असते तिचे पार्ट तालुक्याच्या दुकानातही मिळतात आणि तिचं काम येणारा मेकॅनिक शोधावा लागत नाही. जुनी व्हॅन परवडते याचं हे सगळ्यात मोठं कारण आहे.

व्हॅनची रचना वेगळी, म्हणून तिची दुखणीही वेगळी

साध्या छोट्या कारमध्ये इंजिन पुढे असतं आणि ते पुढची चाकं फिरवतं. ओम्नी आणि ईकोमध्ये इंजिन पुढच्या सीटखाली असतं आणि ते मागची चाकं फिरवतं. या एका फरकामुळे तीन गोष्टी होतात.

पहिली, इंजिनाची उष्णता. इंजिन बंदिस्त जागेत असल्यामुळे कूलंट कमी झालं, पाइप फुटला किंवा पंखा बंद पडला तर गाडी लवकर गरम होते. काटा वर गेलेला असताना ‘पुढच्या चौकापर्यंत नेऊ’ म्हणून कुणी गाडी दामटली असेल तर हेड गॅस्केट जाऊ शकतं. मग काही शे रुपयांच्या पाइपवरून विषय थेट इंजिन खोलण्यावर जातो.

दुसरी, मागच्या चाकांपर्यंत ताकद नेणारा लांब शाफ्ट. त्याच्या टोकांना जे सांधे असतात त्यांना गॅरेजमध्ये ‘क्रॉस’ म्हणतात. ते झिजले की गिअर टाकल्यावर गाडीखालून ‘टक्’ असा आवाज येतो आणि वेगात गाडी थरथरते. मागच्या एक्सलमधला डिफरन्शियल घरघरायला लागला तर खर्च आणखी वाढतो.

तिसरी, ओझं. व्हॅनला जागा आहे म्हणून लोक ती भरतात. ओम्नीला मागे पाट्यांच्या स्प्रिंगा आहेत, ईकोला कॉइल स्प्रिंगा. दोन्ही गाड्यांत रोज क्षमतेपेक्षा जास्त माल भरला तर स्प्रिंगा बसतात, शॉकअप गळतात आणि टायर वेडेवाकडे झिजतात. क्लचही लवकर संपतो.

किलोमीटर बघायचे की काम?

गाडी बघायला गेलं की पहिला प्रश्न असतो, ‘किती चाललीय?’ व्हॅनच्या बाबतीत त्याआधी विचारायचा प्रश्न आहे, ‘काय काम करत होती?’

एक तर मीटर मागे फिरवता येतो. शिवाय तो खरा असला तरी सगळं सांगत नाही. दोन ईको घ्या, दोन्ही ९० हजार किलोमीटर चाललेल्या. एक महिन्यातून दोनदा पुणे-कोल्हापूर करणारी घरची गाडी. दुसरी रोज गल्लीबोळांतून पन्नास ठिकाणी थांबत डबे पोहोचवणारी. दुसरीचा क्लच, ब्रेक, स्टार्टर आणि सरकत्या दरवाजाचे रोलर पहिलीपेक्षा कितीतरी जास्त वापरले गेलेत. मीटरवरचा आकडा मात्र सारखाच.

कामावरून गाडीचा साधारण अंदाज असा बांधता येतो:

• शाळेची व्हॅन: थांबणं-निघणं खूप, त्यामुळे क्लच-ब्रेकची झीज जास्त. सीट आणि दरवाजे खिळखिळे. पण वेग कमी असतो आणि मालक नेमाने सर्व्हिसिंग करणारा असेल तर इंजिन चांगलं निघू शकतं.

• मासे किंवा बर्फ वाहणारी: मिठाचं पाणी पत्र्यात मुरलेलं असतं. रत्नागिरी-सिंधुदुर्गकडच्या गाड्यांना समुद्री हवेचाही त्रास असतो. मॅट उचलून खालचा पत्रा बघितल्याशिवाय पुढे बोलू नका.

• भाजीपाला, गॅस सिलिंडर, बांधकामाचं सामान: मागचं सस्पेन्शन, एक्सल आणि टायर आधी तपासा.

• रुग्णवाहिका म्हणून वापरलेली: वेगात पळवलेली आणि आतली रचना बदललेली असते. जास्तीचं वायरिंग केलेलं असेल तर ते नीट काढलंय का, हे बघा.

• पुरात उभी राहिलेली: ऑगस्ट २०१९ मध्ये कोल्हापूर-सांगलीत आणि जुलै २०२१ मध्ये चिपळूणमध्ये पुराचं पाणी वस्तीत शिरलं होतं. अशा भागात त्या काळात असलेली गाडी असेल तर सीटखालचे गंजलेले नट, बेल्ट पूर्ण ओढल्यावर दिसणारी चिखलाची रेघ आणि आतला कुबट वास तपासा. इलेक्ट्रिकची दुखणी लगेच दिसत नाहीत, काही महिन्यांनी वर येतात.

कुठला पार्ट किती खातो?

खालचे आकडे ओळखीच्या स्थानिक गॅरेजमध्ये काम करून घेतलं तर साधारण काय धरून चालायचं, याचे आहेत. शहर, कंपनीचा पार्ट की लोकल पार्ट, मजुरी यांवर ते वरखाली होतील. तुमच्या मेकॅनिककडून एकदा खात्री करून घ्या.

• ऑइल, फिल्टर, प्लगसह सर्व्हिसिंग: ३ ते ५ हजार रुपये
• चार टायर: १२ ते १४ हजार
• बॅटरी: ४ ते ५ हजार
• क्लच प्लेट, प्रेशर प्लेट, बेअरिंग आणि मजुरी: ६ ते ८ हजार
• ब्रेकचं काम, शॉकअप, बुश: ६ ते १० हजार
• एसीचा कॉम्प्रेसर गेला तर: १० हजारांच्या पुढे
• इंजिन पूर्ण खोलून काम: २५ ते ४० हजार
• पत्राकाम आणि पूर्ण रंग: गाडीच्या अवस्थेवर, २५ हजारांच्या पुढे सहज

यादीकडे नीट बघितलं तर खर्चाचे दोन गट दिसतात. टायर, बॅटरी, क्लच, ब्रेक हा पहिला गट. हा खर्च कुठल्याही जुन्या गाडीला येणारच, तो घाबरण्यासारखा नाही. त्यासाठी भाव कमी करून घेता येतो. दुसरा गट म्हणजे इंजिन, सडलेला पत्रा आणि एकमेकांत गुंतलेलं वायरिंग. हा गट आला की दोन लाखांच्या गाडीचा सौदा फसतो. व्हॅन तपासणं म्हणजे खरं तर हा दुसरा गट नाही ना, याची खात्री करणं.

टायमिंग बेल्टचाही विषय आहे. ओम्नीच्या इंजिनात टायमिंग बेल्ट असतो आणि तो ठरावीक अंतरानंतर बदलावाच लागतो. नव्या के-सीरिज इंजिनाच्या ईकोत त्याऐवजी चेन आहे. बेल्टवाली गाडी घेत असाल आणि तो शेवटचा कधी बदलला हे मालकाला सांगता येत नसेल, तर बदललाच नाही असं समजून खर्च धरा. चालत्या गाडीत बेल्ट तुटला तर ती जागेवर बंद पडते.

सीएनजी असेल तर काय बघायचं?

व्हॅनमध्ये सीएनजी असणं म्हणजे रोजच्या खर्चात बचत. पण तीन गोष्टी तपासल्याशिवाय ‘सीएनजी’ या शब्दासाठी जास्त पैसे देऊ नका.

आरसीवर इंधन म्हणून सीएनजीची नोंद आहे का? किट बाहेरून बसवलं असेल आणि नोंद नसेल तर ती गाडी कागदावर पेट्रोलचीच राहते. अपघात झाला तर विम्याच्या दाव्याला अडचण येऊ शकते.

सिलिंडरची हायड्रो टेस्ट झालीय का? आपल्याकडे सीएनजी सिलिंडरची दर तीन वर्षांनी दाबाची चाचणी करावी लागते. पुढच्या चाचणीची तारीख गाडीवर लावलेल्या पट्टीवर असते. तारीख उलटून गेली असेल तर खर्च दोनेक हजारांचा आहे, पण एक-दोन दिवस गाडी उभी राहते. आणि ही चाचणी टाळायची गोष्ट नाही. तुमच्या सीटच्या मागे प्रचंड दाबाखालचा गॅस असतो.

गाडी पेट्रोलवरही नीट चालते का? अनेक मालक वर्षानुवर्षं फक्त सीएनजीवर चालवतात. टाकीत जुनं पेट्रोल पडून राहतं, पंप आणि इंजेक्टर खराब होतात. त्यामुळे चक्कर मारताना दोन्ही इंधनांवर गाडी चालवून बघा.

ई-२० पेट्रोलचा जुन्या व्हॅनवर परिणाम होतो का?

सोशल मीडियावर यावरून बरंच काही फिरतंय, म्हणून थोडक्यात. देशभरात आता २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. एप्रिल २०२३ पासूनच्या नव्या गाड्यांमध्ये त्याला चालणारे पार्ट वापरले जातात. त्याआधीच्या गाड्यांबाबत सरकारने ऑगस्ट २०२५ मध्ये असं म्हटलं की, काही जुन्या गाड्यांमध्ये २० ते ३० हजार किलोमीटर चालल्यानंतर रबराचे काही पार्ट आणि गॅस्केट बदलावे लागू शकतात आणि मायलेजही थोडं कमी होऊ शकतं.

याचा अर्थ जुनी व्हॅन लगेच बंद पडेल असा नाही. पण पेट्रोलचे पाइप जुने, कडक झालेले किंवा चिरलेले असतील तर ते गाडी घेतल्याबरोबर बदलून टाका. खर्च कमी आहे. शिवाय इंजिन सीटखाली असलेल्या गाडीत पेट्रोल गळणं अजिबात परवडणारं नाही.

गाडी बघायला जाताना

सकाळी जा आणि मालकाला आधीच सांगा, ‘मी येईपर्यंत गाडी सुरू करू नका.’ थंड इंजिन बऱ्याच गोष्टी सांगतं.

१. सीट उचलून इंजिनवर हात ठेवा. गरम लागलं तर गाडी आधीच चालू करून ठेवली होती, का ते विचारा.

२. ऑइलची पट्टी काढून बघा. ऑइल काळं असणं साहजिक आहे, पण चहासारखं दुधाळ दिसलं तर पाणी मिसळतंय. तिथूनच परत फिरा.

३. सुरू करताना मागे कुणाला तरी उभं करा. थंडीत क्षणभर पांढरी वाफ दिसली तर चालतं. निळसर धूर म्हणजे गाडी ऑइल खातेय. इंजिन गरम झाल्यावरही पांढरा धूर थांबत नसेल तर हेड गॅस्केटची शंका घ्या.

४. चढावर चालवून बघा. इंजिन ओरडतंय पण गाडी त्या प्रमाणात उचलत नाही, म्हणजे क्लच संपत आलाय.

५. किमान अर्धा तास चालवा. गरम होण्याचं दुखणं पाच मिनिटांच्या चकरेत कळत नाही.

६. मॅट उचला, सरकत्या दरवाजाची पट्टी आणि चाकांच्या कमानी बघा. नवा रंग आणि त्याखाली फुगवटे असतील तर पत्रा सडलाय आणि वरून लपवलाय.

७. शेवटी आपल्या मेकॅनिककडे न्या, मालकाच्या नाही. तपासणीचे पाचशे-हजार रुपये लागले तरी द्या. मालक गाडी दुसऱ्या गॅरेजला न्यायला नकार देत असेल तर तेच तुमचं उत्तर आहे.

गाडी २०२१ ते २०२३ दरम्यानची ईको असेल तर आणखी एक गोष्ट. जुलै २०२३ मध्ये मारुतीने ५ जुलै २०२१ ते १५ फेब्रुवारी २०२३ या काळात बनलेल्या एस-प्रेसो आणि ईको मिळून ८७,५९९ गाड्या स्टिअरिंगच्या टाय रॉडमधल्या संभाव्य दोषामुळे परत मागवल्या होत्या. चेसिस नंबर देऊन कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये हे काम झालंय का, ते विचारता येतं. असं काम कंपनी मोफत करून देते.

कागदांतला खर्च विसरू नका

गाडी चांगली आहे म्हणून टोकन देण्याआधी परिवहन वेबसाइटवर किंवा एम-परिवहन ॲपवर नंबर टाका. मालक कितवा, विमा कधीपर्यंत, कर्जाचा बोजा आहे का आणि ई-चलान किती बाकी आहेत, हे तिथे कळतं. दंड थकलेला असेल तर तो आधी मालकाला भरायला सांगा.

• नाव बदलणं: फॉर्म २९ आणि ३० लागतात. गाडी फायनान्सवर घेतलेली असेल तर फॉर्म ३५ आणि बँकेची एनओसी. दुसऱ्या आरटीओची गाडी असेल तर फॉर्म २८ बघा. ‘नंतर करू’ म्हणू नका. नाव बदलेपर्यंत कागदावर मालक जुनाच असतो.

• विमा: २०२२ मध्ये ठरलेल्या दरांनुसार खासगी गाडीचा थर्ड पार्टी विमा ओम्नीच्या गटात, म्हणजे १,००० सीसीपर्यंत २,०९४ रुपये, आणि ईकोच्या गटात ३,४१६ रुपये. जीएसटी वेगळा. गाडी घेतल्यावर १४ दिवसांत विमा आपल्या नावावर करण्यासाठी कंपनीकडे अर्ज करा.

• १५ वर्षांनंतर: खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते. नंतर तपासणी करून ती पाच वर्षांसाठी वाढवून मिळते. चारचाकीसाठी ही फी एप्रिल २०२२ पासून ५ हजार रुपये आहे. २० वर्षांहून जुन्या गाडीसाठी ऑगस्ट २०२५ मध्ये ती १० हजार करण्यात आली. वर पर्यावरण कर. लाखभरात मिळणाऱ्या जुन्या ओम्नीच्या बाबतीत हा खर्च छोटा नाही.

• नंबर प्लेट: १ एप्रिल २०१९ च्या आधीच्या गाडीला हाय सिक्युरिटी प्लेट बसवलीय का, बघा. महाराष्ट्रात चारचाकीसाठी तिचा दर जीएसटी सोडून ७४५ रुपये ठरला होता.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, पांढरी पाटी की पिवळी? खासगी नोंदणीच्या गाडीतून भाडं घेऊन प्रवासी किंवा शाळेची मुलं नेता येत नाहीत. त्यासाठी परमिट लागतं. व्यावसायिक गाडीचं पासिंग आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि नंतर दरवर्षी करावं लागतं. धंद्यासाठी गाडी घेत असाल तर हा फरक सौद्याआधीच समजून घ्या.

आता प्रत्यक्ष हिशेब

समजा तुम्ही ती २ लाख २० हजारांची ईको डब्यांच्या धंद्यासाठी घेतली. रोज ६० किलोमीटर, वर्षाला ३०० दिवस, म्हणजे १८ हजार किलोमीटर.

घेतल्यावर पहिल्या दोन-तीन महिन्यांत टायर १२,८००, बॅटरी ४,५००, क्लच ७,०००, ब्रेक-सस्पेन्शन ८,०००, सर्व्हिसिंग ५,००० आणि हायड्रो टेस्ट २,००० असं सगळं निघालं तर बेरीज होते ३९,३०० रुपये. गाडीच्या किमतीच्या जवळपास १८ टक्के. सगळं एकदम निघेलच असं नाही, पण म्हणून साधा नियम धरा: हातात २ लाख २० हजार असतील तर गाडी पावणेदोन-एक लाखांची बघा. उरलेले गॅरेजसाठी ठेवा.

त्यानंतर दर किलोमीटरमागे २ रुपये बाजूला टाकायचे. वर्षाचे ३६ हजार, म्हणजे महिन्याला ३ हजार. सर्व्हिसिंग, किरकोळ कामं आणि पुढच्या मोठ्या कामाची तरतूद यातून होते. ज्या महिन्यात काही निघालं नाही त्या महिन्याचे पैसेही तसेच ठेवायचे. ते वाचलेले नसतात, पुढच्या क्लचचे असतात.

पण धंद्याच्या गाडीला आणखी एक खर्च असतो आणि त्याचं बिल कुणी देत नाही. गाडी उभी राहण्याचा. समजा दिवसाला खर्च जाऊन १,२०० रुपये सुटतात. सात हजारांच्या क्लचसाठी गाडी चार दिवस गॅरेजला राहिली तर आणखी ४,८०० रुपये गेले. क्लच पडला जवळपास १२ हजारांना. आणि चार दिवस डबा न मिळालेलं गिऱ्हाईक पाचव्या दिवशी तुमच्याकडे परत येईलच असं नाही.

म्हणून धंद्यासाठी व्हॅन घेणाऱ्याने ‘दुरुस्ती किती स्वस्त’ याइतकंच ‘दुरुस्ती किती लवकर’ हेही बघावं. जवळचा मेकॅनिक, लगेच मिळणारे पार्ट आणि गरजेला भाड्याने मिळेल अशी दुसऱ्याची गाडी, या तिन्हींची सोय आधी करून ठेवा.

मग नवीनच घ्यावी का?

सप्टेंबर २०२५ मध्ये लहान गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला आणि नव्या ईकोची किंमतही कमी झाली. त्यामुळे जुन्या गाडीचा भाव करताना नव्या गाडीचा आजचा भाव आधी बघा. जुना मालक अनेकदा जीएसटी कमी होण्याआधीच्या किमतीवरून हिशेब करत असतो.

समजा नवी आणि जुनी यांच्यात ३ लाखांचा फरक आहे आणि तो तुम्ही १० टक्के व्याजाने पाच वर्षांच्या कर्जातून भरला. हप्ता साधारण ६,४०० रुपये, म्हणजे वर्षाला ७६ हजारांच्या आसपास. ही झाली तुमची रेघ. जुन्या व्हॅनची दुरुस्ती आणि उभे राहिलेले दिवस मिळून खर्च या रेघेच्या बराच खाली असेल, तर जुनी व्हॅन तुम्हाला पैसे वाचवून देतेय. खर्च रेघेच्या जवळ यायला लागला, तर ती स्वस्त राहिलेली नाही. नव्या गाडीलाही सर्व्हिसिंग लागतं, पण ती रस्त्यात सोडून जाण्याची भीती कमी असते आणि पाच वर्षांनी विकताना तिचे पैसेही जास्त येतात.

सुरक्षेचाही फरक आहे. ग्लोबल एनकॅपने २०१६ मध्ये तपासलेल्या, एअरबॅग नसलेल्या ईकोला शून्य स्टार मिळाले होते. २०१९ मध्ये एबीएस आणि ड्रायव्हरची एअरबॅग नव्या गाड्यांना सक्तीची झाली. घरच्या माणसांसाठी गाडी घेत असाल तर थोडे जास्त पैसे घालून २०१९ नंतरची बघणं चांगलं. ओम्नीत तर पायाच्या पुढे फार काही उरतच नाही. ती महामार्गावर वेगाने पळवायची गाडी नव्हे.

थोडक्यात

• इंजिन, पत्रा, वायरिंग यांत मोठं काम असेल तर गाडी कितीही स्वस्त असो, सोडून द्या.
• टायर, क्लच, ब्रेक, बॅटरीचं काम असेल तर खर्च मोजा आणि तेवढा भाव कमी करून घ्या.
• किमतीच्या १५ ते २० टक्के रक्कम गॅरेजसाठी हातात ठेवूनच सौदा करा.
• त्यानंतर किलोमीटरला दोन रुपये बाजूला टाका.
• कागद आपल्या नावावर होईपर्यंत सगळे पैसे देऊ नका.

जुनी व्हॅन घेणं ही चूक नाही. कितीतरी घरांचा धंदा अशाच गाडीवर उभा राहिलाय. चूक होते ती शेवटचा रुपया गाडीत घालून पहिल्याच महिन्यात गॅरेजवाल्याकडे उधारी करण्यात. त्यामुळे पुढच्या वेळी ‘एक रुपयाचं काम नाही’ अशी पोस्ट दिसली तर मालकाला फोन जरूर करा. फक्त काम किती रुपयांचं आहे, ते आपल्या मेकॅनिककडून समजून घ्या.